वेळेवरची भाकर

मला साखरेची बिमारी झाली तेव्हा फुलसावंगीत त्या बिमारीला कोणी ओळखत नव्हतं. देवी, कॉलरा, हिवताप या नावांची धास्ती आम्हाला लहानपणापासून होती. पण साखरेचीही बिमारी असते आणि ती ज्वारीची भाकर खाऊन शेतात राबणाऱ्या बाईला होते, हे ऐकून माझ्या सासूबाई हसल्याच होत्या. म्हणाल्या, "आपल्या घरी साखर दिवाळीले येते. इले कुठून लागली?"

आता आजूबाजूच्या गावांतल्या बाया माझ्याकडे येतात. कोणाला नुकतंच कळलेलं असतं, कोणाच्या नवऱ्याला झालेलं असतं. सगळ्यांना तेच तेच सांगताना वाटलं, एकदा लिहूनच काढावं. मी चौथी शिकलेली बाई. औषधाचं डॉक्टरांना विचारा. माझ्या घरात काय काय झालं तेवढं मी सांगते.

तहान

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कापसाची वेचणी चालू होती आणि मला तहान आवरत नव्हती. तासाच्या, म्हणजे कापसाच्या ओळीच्या, टोकाला पाण्याचा गडू ठेवायचा, तिथवर वेचत जायचं, घटाघटा प्यायचं आणि परत फिरतानाच पुन्हा घसा कोरडा. बाया चिडवायच्या, "वच्छला, पुन्हा दिवस गेले काय वं?" मीही हसायचे. पण लुगड्याचा घेर दर आठवड्याला सैल होत होता.

मग पाठीवर काळपुळी उठली. गावातल्या वैदूनं लेप दिला, तो लावला. ती वाढतच गेली. ताप भरला, पालथं झोपल्याशिवाय इलाज राहिला नाही. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, गाडीत गवत अंथरून मला पुसदला नेलं.

पुसदच्या डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि लघवी मागितली. काचेच्या नळीत निळं पाणी घेऊन त्यात थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. निळं पाणी बघता बघता विटेसारखं लाल झालं. मी बाकावर कुशीवर पडून ते पाहत होते. डॉक्टर बोलले ते माझ्याशी नाही, आमच्या घरच्यांशी.

"मधुमेह आहे. आजच यवतमाळला न्या."

"ही बरी होईन ना जी?" आमच्या घरच्यांनी विचारलं.

"काळपुळी बरी होईल. मधुमेह बरा होत नाही. तो सांभाळावा लागतो."

आमच्या घरच्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मला तेवढंच आठवतं. पुढे मोटारीत बसेपर्यंत मी एकच विचार करत होते. सांभाळायचं म्हणजे कोणी? घरात सगळ्यांना सांभाळणारी तर मीच होते.

वॉर्ड

यवतमाळच्या दवाखान्यात बायकांचा वॉर्ड लांबट होता. पहाटे फिनेलच्या वासानं जाग यायची. मग नळ्या, मग सुई, मग चहा, माझा बिनसाखरेचा. पाठीचं ड्रेसिंग व्हायचं तेव्हा मी लोखंडी खाटेची दांडी धरून ठेवायचे. ती दांडी माझ्या हाताएवढ्या जागेत गुळगुळीत झालेली होती. माझ्या आधी किती जणींनी ती धरली असेल कोण जाणे.

वॉर्ड होता मनोरमा सिस्टरांच्या ताब्यात. त्या मूळच्या अचलपूरकडच्या. डॉक्टरांशी शुद्ध बोलायच्या, आमच्याशी आमच्यासारखं. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला पथ्याचा छापील कागद दिला. त्यात पाव होता, लोणी होतं, उकडलेली अंडी होती. मी तो वाचून रडायला लागले. सिस्टरांनी कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि विचारलं, "हे राहू दे. काल घरी असतीस त काय खाल्लं असतंस?"

"भाकर, वरण, अंबाडीची भाजी."

"भाकर केवढी?"

मी हातानं दाखवली. त्यांचं समाधान झालं नाही. दोन दिवसांनी मला उठता यायला लागलं तसं त्यांनी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात नेऊन माझ्यापुढे परात ठेवली आणि म्हणाल्या, "थाप." मी थापली. त्यांनी ती भाकर डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्या दोघांनी मिळून ठरवलं, सकाळी एवढी, दुपारी एवढी, संध्याकाळी एवढी. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण घरी जाऊन जगू शकू. पथ्यात माझी स्वतःची भाकर आली होती.

माझ्या शेजारच्या खाटेवर पुसदकडच्या एका तांड्यातली म्हातारी होती. तिला हीच बिमारी होती आणि पायाला जखम. सिस्टर तिला ‘याडी’ म्हणायच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. ती कोणाचंच ऐकायची नाही, पण या हाकेला वळून बघायची. एका सकाळी तिला नेलं आणि दुपारी आणलं तेव्हा चादर एका बाजूला सपाट होती. मी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी तीच मला म्हणाली, "अवं, माह्याकडे पाह्य. पाय माहा गेला, तोंड तुहं काहून उतरलं?" मी हसले आणि मग खूप रडले. त्या रात्रीपासून मी झोपण्याआधी पायाचे तळवे हातानं चाचपून बघते. अजूनही बघते. काट्यानं टोचलेलं कळत नाही मला आता, म्हणून बघावंच लागतं.

संत्रं

"घरी सुई कोण देईन?" सिस्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, आमच्या गावात कंपाउंडर नाही. त्या म्हणाल्या, "मंग तूच."

त्यांनी एक संत्रं आणलं. काचेची पिचकारी उकळून घ्यायची, पाणी भरायचं आणि संत्र्याच्या सालीत सुई घालायची. "साल अन् माणसाचं चामडं सारखंच लागते हाताले," त्या म्हणाल्या. मी दिवसभर संत्र्याला सुया दिल्या. आमच्या घरच्यांनाही शिकवलं. तो धिप्पाड माणूस संत्र्याला सुई देताना डोळे मिटून घ्यायचा.

मग एका सकाळी सिस्टर म्हणाल्या, "आज संत्रं नाही." मांडीची चिमूट धरून मी सुई घातली. दुखलं, पण काळपुळीपुढे ते काहीच नव्हतं. औषधाची बाटली हलवायची नाही, दोन तळहातांत हळू लाटायची, हे त्यांनी दाखवलं. उन्हाळ्यात ती कशात ठेवायची, तेही. रांजणाजवळ ओल्या वाळूचं मडकं करायचं, त्यात. आमच्या घरच्यांना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "सुई झाली अन् पोटात अन्न गेलं नाही, तर हिची साखर एकदम उतरन. घाम सुटन, हात कापतीन, बडबडन. तवा गूळ द्यायचा. तोंड उघडलं नाही तर गालात सारायचा."

घरी आल्यावर तांड्यातल्या त्या म्हातारीला दोनदा निरोप धाडले. उत्तर आलं नाही.

घर

आमच्या घरात सासूबाई, त्यांचे दोघं मुलगे, मी, माझी जाऊ, माझी दोन लेकरं आणि लग्नाची नणंद कुसुम. सासूबाईंना आम्ही दोघी सुना आत्याबाई म्हणायचो. मामंजी लवकर गेल्यामुळे त्यांनीच शेत आणि घर उभं केलेलं. त्या वाईट नव्हत्या. पण चुलीवर एका भांड्यात सुई उकळायची म्हटल्यावर त्यांनी आठ दिवस तोंड वाकडं केलं आणि मग स्वतःच मागच्या अंगणात माझ्यासाठी वेगळी चूल मांडून दिली. आत्याबाई अशा होत्या. आधी नाही म्हणायचं, मग करायचं.

पण एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आमच्याकडे आधी पुरुष जेवायचे, मग लेकरं, मग आत्याबाई आणि शेवटी आम्ही दोघी. शेतात असले की माझं सोपं होतं, शिदोरी जवळ असायची. घरात असले की अवघड. पुरुष बाजाराला गेले की दुपार टळून जायची. मी पदराआड तुकडा मोडायचे, पण चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं.

मनातलं एक सांगून टाकते. गोडाचं मला फार दुःख झालं नाही, आंब्याचं सोडून. आंब्याच्या दिवसांत मी घराच्या त्या बाजूला जातच नव्हते जिथे आढी लावलेली असायची. पण गोडापेक्षा अवघड होतं, सगळ्यांच्या आधी भूक लागली असं तोंडानं म्हणणं.

पाहुणे

चैत्रात कुसुमला बघायला पाहुणे येणार होते. स्थळ चांगलं होतं, मुलगा शिकलेला. सकाळी सुई घेऊन, थोडं खाऊन मी पुरणाला लागले. पाहुणे दुपारी यायचे ते गाडीचं चाक मोडल्यामुळे पार उशिरा आले. पंगत बसली. मी वाढायला उठले.

आधी ओठ बधिर झाले. मग वरणाचं भांडं जड झालं. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्याचं तोंड मला दोन-दोन दिसायला लागलं आणि मला त्याचा इतका राग आला की सांगता येत नाही. पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलेलं. मी पंगतीच्या मधोमध बसले, "बैल सोडा, बैल सोडा" असं ओरडले आणि पळी भिरकावली.

"अंगात आलं वं माय!" आत्याबाई ओरडल्या आणि अंगारा आणायला धावल्या. आमचे घरचे ताटावरून उठले ते थेट गुळाच्या डब्याकडे.

आत्याबाईंनी त्यांचा हात धरला. "साखरेच्या बिमारीले गूळ चारतं? मारतं काय तिले?"

त्यांनी तो झटकला. आईचा हात झटकायची त्यांची ती पहिलीच वेळ. त्यांनी माझ्या गालात गूळ सारला, वरून पाणी दिलं.

मला भान आलं तेव्हा पहिल्यांदा दिसली कुसुम. नवं लुगडं नेसून, हातात पानाचं तबक धरून ती दारात उभी होती. ते कुठे ठेवावं हे तिला समजत नव्हतं. अंगणात पाहुण्यांची गाडी जुंपली जात होती.

चार दिवसांनी मध्यस्थानं निरोप आणला. पोरगी पसंत आहे, पण तुमच्या घरात बाहेरची बाधा आहे.

आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. कुसुम रोज माझ्या मुलीची वेणी घालायची, ती घालेनाशी झाली. मुलगी फणी घेऊन तिच्यापुढे उभी राहायची आणि मग माझ्याकडे यायची.

आत्याबाई यवतमाळला

महिन्याला औषध आणायला यवतमाळला जावं लागे. या खेपेस निघताना आत्याबाई लुगडं बदलून तयार. "मीबी येतो. त्या शिस्टरीणले सांगतो, बंद कर म्हना तुही सुई."

मोटारीत त्या खिडकीशी बसल्या, मी मागे. दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी दम खाल्ला नाही. मनोरमा सिस्टर समोर येताच म्हणाल्या, "तुमच्या सुईनं माह्या पोरीचं लगन मोडलं."

मला वाटलं, सिस्टर आता रागावतील. त्यांनी बाक पुसला. "बसा माय. त्या दिवशी काय काय झालं ते मले पहिल्यापासून सांगा."

आत्याबाईंनी सांगितलं. गाडीचं चाक, पुरण, पळी, गूळ, सगळं. शेवटी सिस्टरांनी विचारलं, "पाहुणे जेवाले बसले तवा हिनं खाल्लं होतं काय?"

"पाहुण्याच्या आधी सून कशी जेवन?"

सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वच्छला, चुकलं माझं. भाकर केवढी ते मी विचारलं. कोणाच्या मागून खातेस ते विचारलंच नाही."

मग पुन्हा आत्याबाईंना, "माय, तुमच्या घरी बाळंतीण असली तर पयले कोण जेवते?"

"बाळंतीण. तिच्या पोटाले थांब म्हनता येते काय?"

"तिच्या आधी पाहुणा नाही?"

"पाहुणा असो का पाटील असो. बाळंतिणीचं ताट पयले निंघते. माह्या घरी त निंघतेच."

"मंग सुई घेतलेल्या बाईचं तसंच हाये. तिच्या पोटालेबी थांब म्हनता येत नाही."

आत्याबाईंनी जरा विचार केला. त्या हिशेबी बाई. "बाळंतपन सव्वा महिन्याचं असते," त्या म्हणाल्या. "हे किती दिवसाचं?"

"जनमाचं."

व्हरांड्यातून कोणी तरी बादली घेऊन गेलं. आत्याबाई तिकडेच बघत राहिल्या. मग हळू आवाजात विचारलं, "अन् सुई बंद केली त?"

"त हिची लेकरं तुमाले वाढवा लागतीन."

हे वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं. ऐकायला कठीण होतं, पण बरंही वाटलं. इतके महिने ही भीती मी एकटीच वागवत होते. आता ती तिघींमध्ये बाकावर बसली होती.

सिस्टरांनी मग आत्याबाईंना जवळ घेऊन सगळं शिकवलं. घाम थंड असतो का ते कसं बघायचं, चिडचिड कशी ओळखायची, गूळ किती द्यायचा. म्हणाल्या, "हे हिच्या मालकाले जमनार नाही, तो दिवसभर शेतात. हिलेबी जमनार नाही, ते लाजते. घरातलं ताट तुमच्या हाती हाये. म्हनून तुमालेच जमन."

परतीच्या मोटारीतून उतरताना आत्याबाई म्हणाल्या, "बाई शिकेल हाये, पन बोलते चांगलं."

दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर आला आणि त्यांनी आतून हाक मारली, "वच्छले, ये. बस." ताट वाढलेलं होतं. पुरुष ओसरीवर बसलेले. मी आमच्या घरच्यांकडे बघितलं, ते जमिनीकडे बघत होते. मी जेवले. मान वर करून जेवले असं नाही. पण जेवले.

पुढे

सगळं गोड झालं असं समजू नका. आत्याबाई कधी कधी टोमणा मारायच्या, "रानीसाहेब जेवल्या काय? मंग आमी जेवतो." जावेलाही सुरुवातीला राग यायचा, आणि तो यावा असंच होतं. राबायचो दोघी आणि ताट आधी एकीचं. पण टोमणा मारून का होईना, ताट कधी चुकलं नाही.

त्या भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या. नैवेद्य झाल्याशिवाय घरात कोणी तोंडात पाणी घालत नाही, आणि नैवेद्याला दुपार उलटते. मी मनाशी ठरवलं होतं की मागच्या दारी जाऊन गूळ खाऊन घ्यायचा. तेवढ्यात आत्याबाईंनी भरल्या स्वयंपाकघरात पाट मांडला आणि माझ्यापुढे भाकर-वरण ठेवलं. कढईपाशी बसलेली माझी चुलत सासू पाहतच राहिली. "अवं, लक्ष्म्या उपाशी अन् सून जेवून राह्यली?"

आत्याबाईंनी पुरी तेलात सोडली. "लक्ष्म्यायले सकाळी सुई टोचली नाही," त्या म्हणाल्या. "हिले टोचली."

जाऊ पदरात तोंड घालून हसली. त्या दिवसापासून तिचा राग कमी झाला असं मला वाटतं.

कुसुमला पुढच्या वर्षी दुसरं स्थळ आलं. आत्याबाईंनी पाहुण्यांचे पाय धुवायच्या आधीच सांगून टाकलं, "आमच्या मोठ्या सुनेले साखरेची बिमारी हाये. ते तुमच्या आधी जेवन. चालत असंल त बसा." ते बसले. कुसुम उमरखेडकडे दिली. जाताना तिनं माझ्या मुलीची वेणी घालून दिली, घट्ट.

मागल्या मार्गशीर्षात

मागल्या मार्गशीर्षात आत्याबाई गेल्या. आठवडाभर पडून होत्या. त्या सकाळी मी सुई घेतली, थोडं खाल्लं, त्यांना पाणी पाजायला गेले तर त्यांनी पाणी घेतलं नाही.

कुसुम येईपर्यंत थांबायचं ठरलं. आत्याबाईंना खाली घेतलं होतं. गावातल्या बाया भोवती बसून रडत होत्या. घरातली चूल विझवलेली. मी त्यांच्या डोक्याशी बसले होते. ऊन ओसरीवरून सरकत अंगणात गेलं तरी गाडी आली नाही. माझ्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. अंगाला गार घाम. उठून जायला पाहिजे हे मला समजत होतं. पण अशा वेळी घरात अन्न कसं मागायचं, तेही त्यांच्या समोर? मी तशीच बसून राहिले.

कुसुम आली. आईच्या अंगावर पडून ती एवढी रडली की बायांनी तिला धरलं. मग तिनं डोकं वर केलं आणि तिला माझं तोंड दिसलं.

ती उठली, कोणाला काही न बोलता मागच्या दारानं गेली. आली तेव्हा शेजारच्या घरची भाकर आणि वाटीत वरण होतं. सगळ्या बायांमधून वाट काढून ती माझ्यासमोर बसली.

"जेव, वयनी."

"कुसुम, माय घरात हाये अजून."

"म्हनूनच जेव." तिचे डोळे वाहतच होते. "तू जेवल्याबिगर माय कधी जेवली काय? मंग आज निंघन कशी?"

बायांचं रडणं चालूच होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. दुसरा मोडला. पूर्ण भाकर होईपर्यंत कुसुम वाटी धरून बसली होती.

मग दोघा भावांनी आपल्या आईला उचललं.